एकोणसाठ

सातवीतल्या त्या मुलीपुढे मी जुलैपासून 'वजाबाकी येत नाही' हीच नोंद करत होते. आमचा स्तर ठरवायचा तक्ता असतो: संख्याज्ञान, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. एकदा खूण केली की मूल त्या रकान्यात बसलं. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की तीही फडावर, ती थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परत. दुसरीत शंभरपर्यंतची अंकनावं पक्की होतात, तेव्हाही ती फडाजवळच्या कोपीवरच, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतच होती.

फळ्यावरची गणितं तिची बरोबर यायची, तोंडी सांगितलेली चुकायची. मी समजले, फळ्यावरची ती शेजारणीचं बघून लिहिते. एकदा सगळ्यांदेखत उठवून वेगळं बसवलं तिला.

गेल्या शनिवारी वर्गात सहाच मुलं होती. तिच्याजवळ बसून सांगितलं, "एकोणसाठातून तेवीस वजा कर." ती पुटपुटली, "एकोण... साठ," आणि लिहिलं 61. खाली 23. सहाचा पाच केला, एकाचे अकरा केले, उत्तर 38. हातच्याची वजाबाकी, कुठेही चूक नाही! मग नुसत्या संख्या सांगत गेले. एकोणतीसला 31, एकोणसत्तरला 71, त्रेपन्नला 63. तिला वजाबाकी येत होती. आमची अंकनावं येत नव्हती.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 21, 22 साठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मराठी बुडाली म्हणणाऱ्यांत मीही होते. त्यातल्या किती जणांनी अशा मुलांना अंक सांगून लिहून घेतले असतील?

दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे तिच्यापुढे ठेवले. "हे साठ. यातली एक काढ." तिने एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, एक काडी बाजूला ठेवली, उरलेल्या मोजल्या. पाच गठ्ठे, नऊ सुट्या. "साठाला एक उणा, म्हणून एकोणसाठ," मी म्हटलं. तिने स्वतःच पुढे एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद लिहिले, सगळे बरोबर. मग पेन्सिल थांबली.

"मॅडम, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मला उत्तर देता आलं नाही. तक्त्यातली खूण मी त्याच दिवशी बदलली. दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय आणि काल तिच्या घरी मुकादम ऊसतोडीची आगाऊ उचल देऊन गेला.