सीओच्या रेषेपासून वायूच्या वस्तुमानापर्यंत: मधल्या पायऱ्या

जवळच्या दीर्घिकेत रेणूवायू (मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचा थंड वायू) किती, याचं उत्तर शेवटी एका आकड्यात दिलं जातं. त्यापुढे ‘±’ लावून छापलेली त्रुटी बहुधा फक्त गोंगाटाची असते. खरी गफलत होते ती त्याआधीच्या गुणाकार-भागाकारांत.

हायड्रोजनच्या रेणूला कायमचं द्विध्रुव आघूर्ण (धन आणि ऋण विद्युतभारांची वेगळी टोकं) नाही, म्हणून थंडीत तो जवळजवळ दिसतच नाही. त्याची सगळ्यात खालची परिवलन रेषा (रेणूच्या फिरण्यातून निघणारी वर्णरेषा) २८ मायक्रॉनला येते आणि तिच्यासाठी सुमारे ५१० केल्विनइतकी ऊर्जा लागते. ढग तर १०-२० केल्विनला असतात. त्यामुळे मोजायचं ते कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ. त्याची १-० रेषा (फिरण्याच्या पहिल्या स्तरावरून शून्याव्या स्तरावर उतरताना निघणारी) ११५.२७ गिगाहर्ट्झला, २-१ रेषा २३०.५४ ला आणि ३-२ रेषा ३४५.८० ला. ३-२ चा वरचा स्तर ३३ केल्विनवर असल्याने ती उबदार, दाट वायूकडे झुकते. एकूण वस्तुमानासाठी मी २-१ वर जास्त भरवसा ठेवतो.

हिशोब असा. अंतर १० मेगापार्सेक (सुमारे ३.३ कोटी प्रकाशवर्षं), २-१ चा एकूण फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारं तेज) १००० जान्स्की किमी/से. ३.२५×१०^७ ला फ्लक्सने आणि अंतराच्या वर्गाने गुणायचं, वारंवारतेच्या (गिगाहर्ट्झमध्ये) वर्गाने भागायचं: ६.१×१०^७. एकक केल्विन किमी/से पार्सेक². ही २-१ ची दीप्ती झाली. १-० ची हवी म्हणून ०.६५ ने (२-१ आणि १-० च्या दीप्तींचं धरलेलं गुणोत्तर) भागा, मग हीलियम धरून ४.३ ने (दीप्तीवरून वस्तुमान काढायचा गुणक) गुणा. उत्तर सुमारे ४० कोटी सौर वस्तुमान. ०.६५ ने भागायचं राहिलं, तर वायू एक-तृतीयांशाने कमी भरतो आणि नकाशा बघून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेगाची व्याख्याही तपासून घ्या. ३००० किमी/से वेगाच्या दीर्घिकेत ‘ऑप्टिकल’ (तरंगलांबीतल्या बदलावरून) आणि ‘रेडिओ’ (वारंवारतेतल्या बदलावरून) व्याख्यांत ३० किमी/सेचा फरक पडतो. जुन्या कॅटलॉगमधला वेग व्याख्या न बघता घेतला आणि अरुंद खिडकीत बेरीज केली, की रेषेची एक कड कापली जाते.

इंटरफेरोमीटरचं, म्हणजे अनेक अँटेना जोडून केलेल्या दुर्बिणीचं, दुखणं वेगळं. १२ मीटरच्या अँटेनांमधलं सगळ्यात कमी अंतर १५ मीटर असेल, तर १.३ मिमीला साधारण १० आर्कसेकंदांपेक्षा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मोठी रचना हाती लागत नाही. आपल्या उदाहरणात हे सुमारे ५०० पार्सेक झाले. तेजस्वी भुजांच्या दोन्ही बाजूंना ऋण खळगे दिसले, की समजावं फ्लक्स हरवला आहे. म्हणूनच फँग्ज-अल्मा सर्वेक्षणात (अल्मा दुर्बिणीने केलेल्या जवळच्या दीर्घिकांच्या सीओ पाहणीत) ७ मीटरच्या अँटेनांचा अ‍ॅरे आणि एकट्या अँटेनांची ‘टोटल पॉवर’ निरीक्षणंही जोडली आहेत. ती खर्चिक वाटतात, पण त्यांच्याशिवाय एकूण वस्तुमान छापू नये.

आता धूळ, कारण वायूचा आकडा शेवटी तिच्याशी ताडून बघायचा असतो. हवाईतल्या मौना की पर्वतावरच्या १५ मीटरच्या जेसीएमटी दुर्बिणीवर स्कूबा-२ हा कॅमेरा ४५० आणि ८५० मायक्रॉनला एकाच वेळी बघतो. २२५ गिगाहर्ट्झला वातावरणाची अपारदर्शकता ०.०५, म्हणजे तिथलं उत्तम हवामान, असली तरी शिरोबिंदूशी ८५० चा सुमारे ८१ टक्के प्रकाश खाली पोचतो आणि ४५० चा जेमतेम ३७ टक्के. बाष्प थोडं वाढलं की आधी ४५० चं कॅलिब्रेशन कोलमडतं. शिवाय आकाशाचा गोंगाट गाळताना दीर्घिकेचा पसरट, मंद भागही गाळला जातो. देवयानी दीर्घिकेच्या ‘हॅशटॅग’ नावाच्या सर्वेक्षणात म्हणूनच प्लँक उपग्रहाची माहिती जोडावी लागली.

८५० मायक्रॉनच्या पट्ट्यातच सीओची ३-२ रेषा बसते. ती वजा केली नाही, तर तिचा फ्लक्स धुळीच्या खात्यात जातो, आणि केंद्राकडे हा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. तापमानाचंही तेच: २० केल्विनऐवजी १५ धरलं, तर ८५० च्या त्याच फ्लक्सवरून धूळ ५७ टक्के जास्त निघते. ४५०/८५० गुणोत्तरावरून तापमान काढायचं असेल, तर आधी दोन्ही नकाशे एका बीमवर, म्हणजे सारख्याच धूसरपणावर, आणा. ८ आर्कसेकंदांवरून १३ वर जायला कर्नल (नकाशा आणखी धूसर करायचं माप) १०.२ चं लागतं, ५ चं नाही. वजाबाकी वर्गांची असते.

अंतराची चूक वस्तुमानात वर्गाने शिरते: १० टक्क्यांची २१ होते. वायू आणि धूळ यांच्या गुणोत्तरात मात्र ती कटते. अणुरूप हायड्रोजन धरून हे गुणोत्तर १०० च्या आसपास येणं अपेक्षित असतं. तिथून फार भरकटलं, तर आधी बीम आणि हरवलेला फ्लक्स तपासा, मगच ४.३ वर संशय घ्या. तो संशय पुष्कळदा खराही ठरतो. कित्येक दीर्घिकांच्या केंद्रांत हा गुणक याहून कमी असतो. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या लघुदीर्घिकांत तो कितीतरी जास्त लागतो, कारण धूळ विरळ असल्याने अतिनील किरण सीओ फोडतात आणि हायड्रोजनचा रेणू मात्र स्वतःलाच आडोसा देऊन टिकतो. निकाल छापताना ०.६५, ४.३ आणि अंतर हे तिन्ही आकडे तक्त्याखाली लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला आपला गुणक घालून हिशोब पुन्हा करता येतो.