पद्मिनीत जिप्सीचं इंजिन: कापाकापीच्या आधीची नोंद

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, पेट्रोल, कॉलम शिफ्ट. इंजिन कंपनीतून आलं तेच: १०८९ सीसी, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, ताकद चाळीसच्या आसपास अश्वशक्ती. तिच्यात मारुती जिप्सीचं इंजिन बसवायचा विचार आहे. अपेक्षा अशी की चार माणसं आणि सामान घेऊन कशेडी घाट दमछाक न होता चढावा आणि हायवेला ८० चा वेग तासन्‌तास टिकावा. काम अजून मोजमापाच्या टप्प्यावर आहे. ग्राइंडर बाहेर काढलेला नाही, आणि त्याला कारण आहे.

जुनं इंजिन खरंच थकलंय का, हे आधी ठरवायला हवं. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजताना इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी पूर्ण चार्ज हवी. नाहीतर आकडे खोटे येतात. इथे आले ११८, ११४, ८२ आणि ११६ पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तर ८६. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा पंचवीस-तीसने उडाला असता. तो हलला नाही, म्हणजे गळती वरून, व्हॉल्वमधून आहे. हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटली असती तर शेजारचाही आकडा पडला असता. टॅपेटची फट बरोबर होती, तेव्हा व्हॉल्वची सीट जळली असणार. हे हेड उतरवण्याचं काम आहे, इंजिन बदलण्याचं नाही.

उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडणं हेही इंजिन बदलायचं कारण होऊ शकत नाही. मेकॅनिकल पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, त्यामुळे तापला की आत पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं टाकलं की गाडी सुरू होते, हा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय. पक्का उपाय म्हणजे पंप आणि ब्लॉकमध्ये जाड इन्सुलेटर, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब. हे दोन दोष वजा केल्यावरच अदलाबदलीचा हिशोब प्रामाणिक होतो.

तरीही हिशोब उरतो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. रोज झिजणाऱ्या गाड्याच गेल्यावर सुटे भाग बनवणाऱ्याचं गिऱ्हाईकही आटतं. शिवाय हेड कितीही छान बसवलं तरी चाळीसची साठ होणार नाही.

पर्यायांपैकी प्रीमियर ११८ एनई या गाडीचं इंजिन मनाला सगळ्यात पटणारं. निसानचं ए१२, ११७१ सीसी, कार्बोरेटरवालं, ना ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) ना हाय प्रेशर पंप, आणि तेही प्रीमियरचंच. पण त्याचे भाग पद्मिनीइतकेच दुर्मीळ. एक दुखणं काढून दुसरं विकत घेण्यात अर्थ नाही. मारुती एस्टीमचं जी१३बीबी इंजिन सहज मिळतं, पण तिथे ते आडवं बसतं, पद्मिनीत मात्र गाडीच्या लांबीत उभं लागतं. उभं बसवायचं तर ऑइल चेंबर, तेल ओढणारी सक्शन पाइप आणि फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकतं ते) ब्रॅकेट जिप्सीचे लागतात, आणि हेडच्या मागच्या टोकाला जे काही येतं ते फायरवॉलला भिडतं. मारुती ईकोचं इंजिन उभं आणि मागची चाकं फिरवणारं, पण त्याची सगळी मांडणी सीटखालच्या जागेसाठी केलेली.

म्हणून जिप्सी. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं) जी१३बीबी, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व, ८० अश्वशक्ती. खरी चांगली गोष्ट मात्र गिअरबॉक्स. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सला जोडून नसतो. मध्ये छोटा शाफ्ट असतो. तो केस बाजूला ठेवला की हातात सरळ मागच्या चाकांचा पाच गिअरचा बॉक्स उरतो.

इथे दोन गोष्टी हुकतात. पहिली, जिप्सीचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. केस गेला की किलोमीटरही गेले, म्हणून प्रॉपेलर शाफ्टवर सेन्सर बसवायची तयारी आधीच ठेवा. दुसरी, हा केस हाय रेंजमध्येही, म्हणजे नेहमीच्या चालीतही, सुमारे १.४ चं रिडक्शन देतो. ते गेल्यामुळे गाडी जिप्सीपेक्षा बरीच निवांत पळते. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ४.३ आणि टायरचा एक फेरा १.९ मीटर धरला, तर ८० च्या वेगाला चौथ्यात सुमारे ३००० आरपीएम आणि ०.८ च्या पाचव्यात सुमारे २४००. ४.३ वर डोळे झाकून विसंबू नका. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर ठेवून उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. तेच गुणोत्तर. हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावलेले.

आता जागा. आतून रिकामा ब्लॉक, हेड, चेंबर आणि गिअरबॉक्स जोडून खालून सरकवणं हाच खरा मापदंड. टेपने घेतलेली मापं चेंबरच्या पोटाशी फसतात. जिप्सीचं चेंबर पुढच्या सलग ॲक्सलसाठी घडवलेलं, पद्मिनीत मात्र त्या जागी क्रॉस मेंबर आणि स्टीअरिंगच्या दांड्या. स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघायचं. चेंबर आणि क्रॉस मेंबरमध्ये १५ मिमी, एक्झॉस्ट आणि स्टीअरिंगमध्ये २५ मिमी, याहून कमी सुटत असेल तर तिथेच थांबायचं. चेंबर कापून उथळ केलं तर सक्शन पाइपही तेवढीच छोटी करावी लागते. हे विसरलेल्या इंजिनाच्या बेअरिंगा वळणावळणाच्या घाटात तेलावाचून जातात.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. फाउंडेशनचा ब्रॅकेट पातळ पत्र्याला थेट वेल्ड केला की वर्षभरात कडेने तडा जातो. ४ मिमीची प्लेट दोन्ही बाजूंनी, मध्ये नळीचे तुकडे, आणि आरपार बोल्ट. गिअरबॉक्समधून मागे निघणाऱ्या शाफ्टचा अक्ष आणि मागच्या ॲक्सलच्या पिनियनचा अक्ष समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. शाफ्ट कापला की बॅलन्सिंग करूनच घ्यायचा. नाहीतर साठच्या पुढे गाडीचा तळ थरथरतो आणि लोक उगाच इंजिनला दोष देतात.

इंजिन घेताना अर्धवट घेऊ नका. कुर्ल्याच्या भंगारबाजारात इंजिन आणि ईसीयू वेगवेगळ्या दुकानांत मिळतात, पण इमोबिलायझर असेल तर तो, किल्ली आणि ईसीयू एकाच गाडीचे हवेत. वायरिंगही न कापलेलं. पेट्रोलला सुमारे ३ बारचा दाब लागतो, म्हणून इंजेक्शनसाठीची नळी आणि तिचेच क्लॅम्प. जुन्या रबराने आग लागते. टाकीत भिंती नसतील तर वळणावर पंप हवा ओढतो, तेव्हा लिटरभराची छोटी टाकी मध्ये हवीच. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, एकदा तापला की हेड वाकतं. त्यामुळे रेडिएटरला काटकसर नाही.

ब्रेकवर मात्र तडजोड नाही. चारही ड्रम असलेल्या गाडीत ताकद दुप्पट करणं म्हणजे घाट उतरताना जिवाशी खेळ. पुढे डिस्क, टँडम (दोन वेगळ्या ब्रेक लाइनींचा) मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हे इंजिनच्या आधी बसलं पाहिजे. ते परवडत नसेल तर इंजिनही परवडत नाही, असंच समजा.

कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं: आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही. आरटीओची लेखी परवानगी आधी, काम नंतर. इंजिनचं बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत सोबत लागेल. विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणि गाडी ५० वर्षांहून जुनी असेल, म्हणजे ११०० डिलाइट, प्रेसिडेंट किंवा अगदी सुरुवातीची पद्मिनी, तर हात लावू नका. जुलै २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, पण गाडी मूळ रूपात हवी; इंजिन बदललं की तो हक्क जातो.

सध्याचा क्रम असा. हेड उतरवून तिसऱ्याची सीट कापून घेणं आणि आठही व्हॉल्व घासणं, त्यानंतर पुढचे डिस्क, मग आरटीओचा अर्ज. परवानगी येईपर्यंत गाडी जुन्याच इंजिनवर चालेल, आणि नव्या ब्रेकची सवयही होईल. पुढे ते इंजिन उतरलं तरी विकायचं नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल, जुने प्लग घट्ट, कार्बोरेटरचं तोंड बंद, कोरलेल्या इंजिन नंबरावर ग्रीस, आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने सव्वा फेरा, म्हणजे रिंगा दर वेळी वेगळ्या जागी थांबतात.