उपवास आणि माझी खिचडी

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे अमेरिकेत, युटा राज्यातल्या प्रोव्होतल्या आमच्या मॉर्मन (हा एक ख्रिस्ती पंथ) शेजाऱ्यांचा उपवास. दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही, आणि त्या जेवणांचे पैसे चर्चमार्फत गरजूंना. संध्याकाळी उपवास सोडायला आम्हालाही बोलावलं. मी (सवयीनं!) साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. शेजारीण म्हणाली, "हे तुम्ही उपवासाला खाता? मग उपवास कसला?" आमचे हे खाली मान घालून हसत बसले. काय सांगणार, एकादशी दुप्पट खाशी!

प्रार्थनेला धाकट्यानं हात घट्ट बांधले होते, पण एक डोळा उघडा, थेट चीज-बटाट्याच्या ट्रेवर. वरचे कॉर्नफ्लेक्स अजून चुरचुरत होते.

चहा त्यांना चालत नाही. घरी आल्यावर आधी आधण ठेवलं.