पिंजऱ्यात हात घालायचा नाही

बंड्या चावतो, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढता काढताच सांगावं लागायचं. लोक हसायचे. जेमतेम सत्तर ग्रॅमचा पक्षी, तो काय चावणार! मग गजांतून बोट घालून "मिठू मिठू" करायचे आणि पुढची पाच मिनिटं आमच्या बेसिनपाशी उभे असायचे.

बंड्या म्हणजे ग्रीन चीक कोन्युअर, छोट्या जातीचा पोपट. मूळ दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया-ब्राझील-अर्जेंटिनाकडचा. (आपला हिरवा, लाल चोचीचा देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कोन्युअर ठेवता येतो, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.) पिल्लू होता तेव्हा कोणाच्याही खांद्यावर झोपायचा. वर्ष उलटलं आणि त्याचं काहीतरी बिनसलं. वाटी बदलायला हात आत गेला की धावून यायचा, बोट पकडायचा आणि सोडायचा नाही. दात नसले तरी ती चोच कातडी फाडते, रक्त येतंच.

सल्ले भरपूर मिळाले. चोचीवर टिचकी मारा, तोंडावर पाणी उडवा, दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे मुकाट हातातून खाईल. शेवटचा सल्ला तर जीवघेणा आहे, एवढ्याशा पक्ष्याला उपासमार झेपत नाही. आणि टिचकी मारणाऱ्या हाताला तो उद्या जास्तच घाबरणार, म्हणजे जास्तच चावणार. यासाठी तज्ज्ञ असायला नको.

मी एक केलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, चावल्याची वेळ आणि जागा लिहायला लागले. थोड्याच दिवसांत चित्र दिसायला लागलं. खिडकीच्या कठड्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर तो सहसा चावत नव्हता. चावणं व्हायचं ते पिंजऱ्याच्या दारात, सोफ्याच्या उशीमागे, आणि सासूबाई जवळ असताना दुसरं कोणी आलं तर.

ते कॅलेंडरचं पान घेऊनच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेले. नेहमीचे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर यात फारसे उपयोगी पडत नाहीत, पक्षी पाहणारेच शोधावे लागतात. त्यांनी आधी वजन केलं, चोच, नखं, पिसं, विष्ठा बघितली. दुखणं असलं तरी पक्षी चावतो, म्हणून हे पहिलं. सगळं ठीक निघालं. मग ते बंड्याला सोडून आमच्या घराविषयीच विचारत बसले. पिंजऱ्यात काय काय आहे? झोपतो किती वाजता? कोण कुठे कुरवाळतं? खातो काय?

पिंजऱ्यात कापडी घरटं होतं, मऊ, तंबूसारखं; दुकानातून पिंजऱ्याबरोबरच आलेलं. पक्षी हॉलमध्ये, आणि आमच्या हॉलमधला टीव्ही साडेदहा-अकराला बंद होतो. सासूबाई त्याला पाठीपासून शेपटीपर्यंत कुरवाळत बसायच्या आणि गरम मऊ वरण-भात भरवायच्या. वर मूठभर सूर्यफुलाच्या बिया. डॉक्टरांचं म्हणणं असं की वयात आलेल्या पक्ष्याला यातली प्रत्येक गोष्ट एकच सांगते: दिवस मोठा आहे, अन्न मुबलक आहे, अंधारी ढोली मिळाली आहे आणि जोडीदारही आहे, तेव्हा घरटं करायला घे. आणि घरटं आलं की राखण आली. तो नर आहे की मादी, हे ग्रीन चीकमध्ये बाहेरून कळत नाही, पिसावरून डीएनए चाचणी होते. आम्ही केली नाही, उपाय तेच राहणार होते.

कापडी घरटं त्याच संध्याकाळी काढलं. त्यावर बंड्याने जो गोंधळ घातला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. काढताना त्याला आधी दुसऱ्या खोलीत नेलं आणि दांड्या, झोपाळा, वाट्या सगळ्यांच्या जागा बदलून टाकल्या, म्हणजे पिंजरा त्याला थोडा परका वाटावा. संध्याकाळी साडेसातला तो आतल्या खोलीत, दिवा बंद, दार लोटलेलं. दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळाली पाहिजे. बिया फक्त बक्षिसापुरत्या. रोजच्या खाण्यात पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार गोळीखाद्य), शेवग्याचा पाला, गाजर, मेथी. आणि हिरवी मिरची, जी तो चवीने खातो. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही.

खरी अडचण सासूबाईंची झाली. डोकं आणि मान सोडून कुठेही हात लावायचा नाही, असं त्यांना सांगायचं कोणी?

"अगं, मला कुठे काय करतो तो? तुम्हालाच चावतो," त्या म्हणाल्या.

"तेच तर आई. तुम्हाला जोडीदार समजतो, म्हणून आम्हाला हाकलतो."

त्या दोन दिवस गप्प होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "बरं, त्याचं आवडतं खाणं मग तुम्ही द्या. मी नुसती बघते." हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं, पण नेमकं हेच हवं होतं. राळ्याचं कणीस, डाळिंबाचे दाणे हे फक्त माझ्या, ह्यांच्या आणि मुलाच्या हातून. खांद्यावर बसण्याचे लाड मात्र त्यांचेच राहिले.

पिंजऱ्याबाबत एक नियम झाला: तो आत असताना कोणाचा हात आत जायचा नाही. दार उघडायचं आणि लांब उभं राहायचं. तो आपणहून बाहेर आला की त्याला खिडकीकडे न्यायचं, आणि वाट्या, कागद तेवढ्यात बदलायचे. हाताऐवजी लाकडी दांडी पुढे करायची, तिच्यावर चढला की लगेच डाळिंबाचा दाणा. याच्या जोडीला आइस्क्रीमच्या काडीचा खेळ शिकवला: काडीच्या टोकाला चोच लावली की बक्षीस. काडी जिकडे, बंड्या तिकडे. त्याला उशीमागून बाहेर काढायला मग हात लागेनासा झाला.

सुरुवातीला चावणं वाढलं. पूर्वी धावून आला की आम्ही मागे सरायचो, त्याचं काम व्हायचं. आता सरत नाही म्हटल्यावर त्याने जोर लावून बघितला. चावला तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, शांतपणे त्याला जवळच्या टेबलावर ठेवायचं आणि पाठ फिरवायची. आमच्या आरडाओरड्याची त्याला गंमत वाटत असावी, असा माझा दाट संशय आहे. मुलाला हे जमेपर्यंत बराच वेळ गेला.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडला तो त्याच्याकडे नीट बघायला लागल्याने. पोपट चिडला की बुबुळ लहान-मोठं होतं, असं सगळे सांगतात. ग्रीन चीकचे डोळे गडद असतात, त्यात ते धड दिसत नाही. त्याऐवजी मानेची पिसं बघायची. ती फुलली, शेपटी पंख्यासारखी पसरली, अंग चपटं करून मान पुढे आली आणि तो दांडीवर डावीकडे-उजवीकडे डुलायला लागला, की तिथेच थांबायचं. पिसं बसली की मग पुढे. एरवी तो बोटाला चोच लावतो ती अंदाज घ्यायला. दांडी पक्की आहे का, हे तो चोचीनेच बघतो, त्यात हात मागे ओढला तर पुढच्या वेळी घट्टच धरणार.

विकणाऱ्याने कापलेली पंखांची पिसंही आम्ही वाढू दिली. उडून जाता येत असेल तर चावायची गरज कमी पडते, हे आम्हाला पटलं. त्यासाठी छताचा पंखा बंद ठेवावा लागतो, मे महिन्यातसुद्धा. तो बाहेर असण्याची वेळ म्हणून सकाळची ठरवली.

आता रक्त काढणं जवळपास थांबलंय. वर्षातून एखादा काळ तो पुन्हा तापट होतो, तेव्हा आम्ही झोपेची वेळ अजून अलीकडे आणतो आणि नादी लागत नाही. धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या हातावर तो बसतो, हे मला अजून खरं वाटत नाही.

सोफ्याच्या उशीवरचा त्याचा हक्क मात्र सुटला नाही. शेवटी ह्यांनी उश्याच उचलून माळ्यावर टाकल्या, आणि आता रोज संध्याकाळी टीव्हीसमोर पाठ दुखते म्हणून कुरकुरतात.