मराठी घर, जर्मन व्हिसा

परदेशी जाणाऱ्यांच्या फायली तपासून द्यायचं आमचं काम. सोलापुरात यातल्या बहुतेक फायली नर्सिंगवाल्यांच्या, नाहीतर एमएसला निघालेल्या इंजिनिअर पोरांच्या. ओ-पेअरची, म्हणजे परक्या देशात एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळत भाषा शिकणाऱ्याची फाईल क्वचितच येते. ही आली तेव्हा पहिली नजर गेली ती पासपोर्टवरच्या जन्मतारखेवर. मुलगी सव्वीस पूर्ण, सत्ताविसावा वाढदिवस चार महिन्यांवर. जर्मनीच्या ओ-पेअर व्हिसाला अर्ज करताना वय २७च्या आत लागतं. एक दिवस वर गेला तरी विनवण्या चालत नाहीत.

मुलगी जुळे सोलापुरातल्या एका बालवाडीत ताई. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. सोबत आलेले मामाच सगळं बोलत होते. "सर, काम झालेलंच आहे. व्हिसाच्या अर्जाची मुंबईची तारीख तेवढी घेऊन द्या." परगावच्या एका एजंटाशी दीड लाखाला व्यवहार ठरलेला, त्यातले साठ हजार पोचलेले.

भाषेचा कागद चोख होता. ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची परीक्षा तिने पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात दिलेली, मार्कही चांगले. ओ-पेअरला जर्मनचं प्राथमिक ज्ञान लागतं आणि ते मान्यताप्राप्त परीक्षेनेच सिद्ध करावं लागतं. क्लासचं सर्टिफिकेट तिथे उपयोगाचं नाही. एवढं हातात होतं म्हणून पुढचं सगळं निभावलं.

यजमान कुटुंबाशी झालेला करार मात्र वाचण्यासारखा होता. पहिल्या पानावर सगळं नियमात: आठवड्याला ३० तास, महिना २८० युरो पॉकेटमनी, भाषावर्गासाठी महिना ७० युरो, स्वतंत्र खोली, विमा कुटुंबाकडे, वर्षाला चार आठवडे सुट्टी. फायलीच्या शेवटी पिनने अडकवलेला दिनक्रमाचा एक वेगळा कागद होता, घरच्या बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. सकाळी साडेसहा ते नऊ मुलांचं आवरणं आणि डबे. दुपारी दीड ते संध्याकाळी सात शाळेतून आणणं, स्वयंपाक, इस्त्री. सोमवार ते शनिवार. मुलीला तिथेच बेरीज करायला सांगितली. रोजचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. नियमात दिवसाला सहा, आठवड्याला तीस, आणि रात्री मुलांजवळ बसणं त्यातच धरायचं. शिवाय आठवड्याला दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण रिकामा. खाली आणखी एक ओळ होती: "आजींचं इन्सुलिन वेळेवर बघणे." म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाची शुश्रूषा हे ओ-पेअरचं काम नव्हे. मुलं सांभाळायची आणि घरातल्या हलक्या कामाला हातभार लावायचा, एवढंच.

तासांवर एवढा जोर का, हे मामांना पैशांत सांगावं लागलं. आठवड्याला तीस म्हणजे महिन्याला साधारण १३० तास. २८० युरोला त्याने भागलं तर तासाला सव्वादोन युरोसुद्धा पडत नाहीत. २०२५ साली जर्मनीत किमान वेतन होतं ताशी १२.८२ युरो. एवढ्या कमी पैशांत माणूस घरात ठेवायला कायदा परवानगी देतो, ते केवळ ही नोकरी नाही म्हणून. राहणं-जेवण, भाषा आणि तिकडचं जगणं हा तिचा खरा मोबदला. अठ्ठेचाळीस तास धरले तर तासाचा भाव १.३५ युरोवर येतो. मग ती सरळसरळ मोलकरीण, तीही भाषावर्गाला वेळ नसलेली. नॉर्वेने २०२४मध्ये ही योजना नव्या अर्जांसाठी बंदच केली, ती याच कारणाने.

तरीही तास दुरुस्त करता आले असते. खरी अडचण यजमानांच्या नावात होती. नवरा-बायको दोघेही पुण्याकडचे, म्युनिकला आयटीत. करारात 'घरची भाषा जर्मन' अशी खूण केलेली.

मामा खूष होऊन म्हणाले, "म्हणून तर पाठवतोय की सर! मराठी घर आहे. जेवणाखाण्याची चिंता नाही, पोरगी डोळ्यासमोर राहील."

भारतातल्या कुठल्याही मामाला हेच वाटेल. जर्मनीच्या रोजगार नियमावलीतलं कलम १२ नेमकं याच्या आड येतं. ओ-पेअर अशा कुटुंबात हवी जिथे जर्मन मातृभाषा आहे. जर्मन ही नुसती घरात बोलायची भाषा असेल तरी चालू शकतं, पण तेव्हा ओ-पेअर यजमानांच्याच मूळ देशातली असून चालत नाही. नातेवाईकांकडेही जाता येत नाही. यजमानांनी उद्या जर्मन पासपोर्ट घेतला तरी मातृभाषेचा प्रश्न उरतोच. व्हिसासाठी तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते, आणि दोन मराठी आडनावं समोरासमोर आली की हा प्रश्न निघणारच.

दुसरा धोका मोटिव्हेशन लेटरमध्ये होता. एजंटाने ते छापील दिलेलं: 'मी शाळेत जर्मन शिकले, मला बर्फ आवडतो.' तिच्या शाळेत जर्मन नव्हतंच. मुलाखतीत साध्या जर्मनमध्ये विचारतात, मुलं किती, त्यांची वयं काय, हेच कुटुंब का, वर्षानंतर काय करणार. पत्र एक सांगतं आणि तोंड दुसरं, असं झालं की संपलं. ते पत्र तिने नव्याने लिहिलं, ए-वनच्याच वाक्यांत. बालवाडीतली चाळीस पोरं, पावसात गळणारं छप्पर, डब्यातली शेंगाचटणी. व्याकरणाच्या दोन चुका आम्ही मुद्दाम ठेवल्या. ए-वनवाल्याचं बिनचूक पत्र उलट संशय आणतं.

एजंटाला फोन लावला तर उत्तर तयार होतं. "हे कल्चरल एक्स्चेंज आहे, नोकरी नाही. म्हणून आम्हाला परवाना लागत नाही." आणि त्याच्याच पावतीवर लिहिलेलं, 'जॉब प्लेसमेंट चार्जेस'. माझ्या मते या धंद्यातली लबाडी इथेच आहे. गिऱ्हाइकाला नोकरी म्हणून विकायचं आणि कायद्यापुढे एक्स्चेंज म्हणून उभं राहायचं. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करता येत नाहीत, आणि त्या कायद्यातल्या कामाच्या व्याख्येत घरकाम स्पष्ट लिहिलेलं आहे. नोंदणी असलेल्या एजंटालाही सेवाशुल्क ३० हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांच्या वर घेता येत नाही. जर्मनीतल्या मध्यस्थांना तर ओ-पेअरकडून १५० युरोंपेक्षा जास्त घ्यायला बंदी आहे. दीड लाख यातल्या कुठल्याच खणात बसत नाहीत. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ज्यावर असते त्या ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव शोधलं, सापडलं नाही.

मामांनी अमेरिकेचंही विचारून घेतलं. तिथे ओ-पेअरला जे-वन हा एक्स्चेंजचा व्हिसा, वय १८ ते २६, आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम आणि किमान १९५.७५ डॉलर. हा आकडा ताशी ७.२५ डॉलरच्या संघीय किमान वेतनातून राहण्याजेवणाचे ४० टक्के वजा करून आलेला आहे. परराष्ट्र खात्याने नेमलेल्या प्रायोजक संस्थेशिवाय जाता येत नाही. जर्मनची तयारी झालेली असताना त्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता.

जर्मनीला दुसरी संधीही मिळत नाही. ओ-पेअर म्हणून एकदा गेलात आणि तीन महिन्यांत परत आलात, तरी पुन्हा ओ-पेअर म्हणून जाता येत नाही. चुकीच्या घरात पाय ठेवून नंतर घर बदलू, हा हिशेब म्हणून धोक्याचा. घर बदलता येतं, पण मुदत तीच वर्षाची राहते आणि ती सरत असते.

म्युनिकचा करार फायलीतून काढला. नवं कुटुंब शोधायला राल ही गुणवत्ता-खूण असलेल्या जर्मन संस्था तिला दाखवल्या. हानोफरजवळचं एक जर्मन घर मिळालं, दोन मुलं, आई परिचारिका. त्यांनी पाठवलेल्या दिनक्रमाची बेरीज मुलीने आमच्याकडे यायच्या आधीच करून आणली होती: साडेअठ्ठावीस. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, बालवाडीचं अनुभवपत्र, मध्ये खंड नसलेला बायोडाटा आणि ७५ युरोंची फी, एवढं घेऊन मुंबईला अर्ज गेला तेव्हा वाढदिवसाला उणेपुरे तीन आठवडे होते. व्हिसा नंतर लागला तरी चालतं, वय अर्जाच्या दिवशीचं धरतात.

मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षकांकडे, म्हणजे परदेशी नोकरभरतीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे तक्रार पोचल्यावर एजंटाने पंचवीस हजार परत केले. उरलेल्या पस्तिसांसाठी मामा अजून पावती घेऊन फिरतायत. त्या पावतीवर शिक्का नाही, पण 'जॉब प्लेसमेंट' हे शब्द आणि खालची सही त्याच्याच हाताची आहे, म्हणून तिच्या तीन झेरॉक्स काढून मूळ कागद त्यांना घरी ठेवायला सांगितलाय.