दहा सूचक आणि पाच हजार पत्रकं

विधानसभेचा उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी ऑफिसचं शटर वर केलं, तर पायरीवर पत्रकांचे पाच गठ्ठे. छापखान्याचा टेम्पो पहाटेच टाकून गेला होता. वरचं एक पत्रक ओढून काढलं. डोक्यावर क्रूस, मध्ये सरांचा फोटो आणि खाली जाड अक्षरात ‘ख्रिस्ती मत ख्रिस्ती माणसालाच’. तळाशी मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता असायला हवा, तिथे पांढरा कागद.

मी वसईत वकिली करतो. वकिली म्हणजे सातबारा, वारसनोंदी, हक्कसोडपत्रं आणि सामाईक विहिरीवरून भांडणारे भाऊ. निवडणुकीच्या कामात पडलो ते सरांमुळे. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले, मला भूमिती शिकवलेले. गावातलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, एका रात्रीत डंपरने बुजवलं गेलं, तेव्हापासून त्यांनी अर्जांवर अर्ज केले होते. शेवटी म्हणाले, ‘अर्ज करून दमलो, आता उमेदवारी अर्जच करतो.’ अशा विनोदाला नाही म्हणता येत नाही.

आमच्याकडे अपक्ष म्हटलं की 2009 निघतंच. त्या वर्षी चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली, त्याविरुद्ध गावं पेटली, आणि ऑक्टोबरात विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांना शिवसेनेचा पाठिंबा होता, हे सांगताना आमच्या लोकांचा आवाज जरा खाली येतो. सरांना पाठिंबा होता तो फक्त गावाचा. दहा हजारांची अनामत शंभर घरांनी शंभर-शंभर रुपये काढून भरली. दोन रविवार चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर पोरं वही घेऊन उभी राहिली, तीही चर्चच्या फाटकाबाहेर. आवारात नको, असं फादरांनी बजावलं होतं. ‘मतदानाला जा एवढं मी वेदीवरून सांगेन, नाव कुणाचंच घेणार नाही,’ हेही. मला तेव्हा राग आला होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सिडको या सरकारी नगरनियोजन महामंडळाच्या आराखड्याविरुद्ध फादर दिब्रिटो हरित वसईचं आंदोलन घेऊन रस्त्यावर उतरले होते, आणि आमच्या फादरांना एक नाव घ्यायला जड जातं! नंतर कायदा उघडला, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 समोर आलं. मतासाठी ईश्वरी कोपाची भीती घालणं हा भ्रष्ट आचार. वेदीवरून निघालेला शब्द कुठे सल्ला राहतो आणि कुठे धाक होतो, हे ठरवणार कोण? फादर माझ्याआधी तिथे पोचले होते.

नऊला पोरं आली. पत्रकाची कल्पना त्यांचीच. खर्चही त्यांनीच, क्रिकेटच्या वर्गणीतून.

‘काका, आपण कुणाला शिव्या दिल्यात का? आपल्या माणसाला मत द्या, एवढंच तर म्हटलंय.’

‘तेवढंच चालत नाही.’ मी त्यांना सांताक्रूझची गोष्ट सांगितली. 1990 ची विधानसभा, तिथल्या विजयी उमेदवाराची निवड हायकोर्टाने रद्द केली, कारण मतं हिंदू धर्माच्या नावावर मागितली गेली. त्यातला कायद्याचा मुद्दा सुप्रीम कोर्टात घोळत राहिला आणि 2017 च्या जानेवारीत सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, त्याच्या नावाने मत मागता येणार नाही. ‘सर चुकून निवडून आले, तर हा एक कागद त्यांना खाली खेचेल. वर सहा वर्षं निवडणूक लढवायची बंदी येऊ शकते.’

‘सरांना तर हे माहीतच नाही.’

‘मला कळलं ना? मी त्यांचा निवडणूक प्रतिनिधी होणार आहे. गठ्ठे माझ्या टेबलावर असताना संमती नव्हती, असं कुठल्या तोंडाने सांगू?’

एक जण पुटपुटला, ‘मग लोकांना काय सांगायचं?’

‘बावखल. टँकर. जुलै 2018 चं पुराचं पाणी. पंडित कुठे ख्रिस्ती होते? तरी मतं दिलीच ना आपण?’

पटलं नव्हतं, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मी गठ्ठे कपाटात घातले आणि किल्ली खिशात टाकली.

खरी परीक्षा पुढे होती. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार. नऊ सह्या आदल्या रात्री झाल्या होत्या. दहाव्या आमच्या गल्लीतल्या आजी. त्यांना सही येत नाही, अंगठा येतो, आणि अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. मी म्हटलं होतं, दुसरं कुणी बघू. आजी म्हणाल्या, ‘शंभर रुपये माझे चालतात, अंगठा चालत नाही?’

पहाटेच्या लोकलने दादरला भाजी पोचवून त्या परत आल्या होत्या. लाल लुगडं, कानात सोनं, पाटीत उरलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. दुपारी दोनला आम्ही कचेरीच्या फाटकाशी. मिरवणूक शंभर मीटरवर अडवलेली, आत उमेदवार धरून पाचच जण. वाटेत आजींनी बंदोबस्ताच्या हवालदाराला सुकेळं देऊ केलं. मी घाईने त्यांचा हात मागे ओढला. आचारसंहितेत सुकेळ्याचं काय स्थान, हे मला त्या क्षणी तपासायचं नव्हतं.

आतल्या टेबलावर कारकुनाचं बोट सहाव्या सूचकावर थांबलं. अर्जात ‘फुर्ट्याडो’, मतदार यादीत ‘फुटाडो’. पुढे ‘घोन्साल्विस’चं यादीत ‘गोन्सालवीस’. आमच्या आडनावांचं हे जन्मापासूनचं दुखणं आहे. माझ्या स्वतःच्या घरात रेशनकार्ड, सातबारा आणि शाळेचा दाखला तीन तऱ्हांनी बोलतात. कारकून म्हणाला, ‘माणूस वेगळा असेल तर?’ मी कलम 33 चं चौथं पोटकलम काढलं. नावातली लेखनाची चूक असेल आणि माणूस ओळखू येत असेल, तर तेवढ्यावर अर्ज अडत नाही. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी यादीभाग आणि अनुक्रमांक पडताळले, मान हलवली.

घड्याळात दोन चाळीस. तीनला दार बंद.

आजींनी अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर ठेवला. उठला तो नुसता काळा डाग, एक रेघ नाही. भाजीच्या जुड्या बांधून बांधून बोट गुळगुळीत झालेलं. साहेब म्हणाले, ‘आजी, शाई कमी, हलकेच.’ आजींनी अंगठा पदराला पुसला, तोंडाने फुंकर घातली आणि पुन्हा टेकवला. या वेळी कडेच्या चार-पाच रेघा आल्या. साहेबांनी शेजारी साक्षांकन केलं. सरांनी शपथ वाचली, अनामतीची पावती जोडली. वर्गात फळ्यासमोर कधी न अडखळलेले सर ‘भारताची सार्वभौमता’वर दोनदा अडखळले.

संध्याकाळी पोरांना घेऊन कपाट उघडलं. नवं पत्रक लिहायला बसलो. क्रूस गेला, बावखलाचा जुना फोटो आला, खाली छापखान्याचं आणि प्रकाशकाचं नाव, पत्ता, प्रती 5000. पैसे पुन्हा लागणार म्हणून पोरं गप्प. जुने गठ्ठे आजींनी मागितले. मी हो म्हटलं, पण स्वतः त्यांच्या परसात बसून राहिलो. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत शेवटचा कागद जाईपर्यंत उठलो नाही. एक जरी उडून शेजारी गेला असता, तर झोप लागली नसती.

सर हरले. माघारीनंतर चिन्ह मिळालं तेव्हा हातात जेमतेम दोन आठवडे होते. चिन्ह लोकांच्या डोक्यात बसेपर्यंत मतदान झालं. वैध मतांच्या एक षष्ठांशही मिळाली नाहीत, म्हणून अनामत जप्त. पोरांचं अजून म्हणणं आहे की पहिलं पत्रक वाटलं असतं तर अनामत तरी वाचली असती. वाचली असती, कदाचित. मी वाद घालत नाही.

आजी मात्र स्टेशनवर भेटल्या की हिशेब मागतात. ‘वकील, माझे शंभर रुपये कुठे गेले?’

‘सरकारजमा झाले, आजी.’

‘पावती आहे?’

पावती माझ्या फाइलीत आहे, दहा हजारांची, सरांच्या नावाची. तिची झेरॉक्स काढून एकदा त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती देवघरातल्या क्रुसामागे खोचून ठेवली आहे.