घरचा पीसी, नोंद ४ : लाइट गेली, मशिन चालूच

काल रात्री मेन स्विच दहा वेळा पाडला. दहाही वेळा मशिन चालू राहिलं. लाइट गेली की नवं मशिन बंद पडायचं, तीन आठवडे ह्या एका गोष्टीनं जीव खाल्ला होता, म्हणून आज आधी तेच लिहिते. पार्टांचं बाकीचं नंतर.

मागच्या वेळी ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड आणि ८-८ जीबीच्या दोन रॅमपर्यंत आलो होतो. अडलं होतं ते एसएमपीएसवर, म्हणजे मशिनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. कॅबिनेटसोबत येणारा घ्यायचा नाही हे माझं पहिल्यापासून ठरलेलं. हातात घेतला की पत्र्याचा रिकामा डबा वाटतो आणि वर स्टिकर ४५० वॅटचं! म्हणून ८० प्लस ब्राँझचा, म्हणजे कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का असलेला, ४५० वॅटचा वेगळा घेतला. प्रोसेसर ६५ वॅटचा, ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे एवढा पुष्कळ झाला.

जोडलं आणि पहिल्याच फटक्यात डिस्प्ले आला. लेक तर नाचलीच. दोन दिवसांनी पाऊस लागला आणि इथं सांगलीत गावभागात लाइटचं येणं-जाणं सुरू झालं. जुना ६०० व्हीएचा यूपीएस टुकटुक करत बॅटरीवर जायचा आणि त्याच क्षणी मशिन बंद. अण्णांचे हळदीचे हिशेब भरताना दोनदा असं झालं.

पहिला संशय बॅटरीवर. १२ व्होल्ट ७ एएचची नवी टाकली, फरक शून्य. मॉनिटरची वायर यूपीएसवरून काढली, तरी तेच. मशिन नुसतं चालू ठेवलं तर कधी कधी तगायचं, पण व्हिडिओ चालू असला की हमखास जायचं. शेवटी दिरांच्या जुन्या मशिनचा एसएमपीएस काढून लावला, मागे ११५/२३० चा लाल स्विच असतो तो. एकदाही बंद पडलं नाही!

तिथं उलगडा झाला. त्या जुन्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन) नाही, माझ्या नव्यात आहे. पीएफसीवाला एसएमपीएस व्होल्टेजच्या लाटेमागोमाग करंट घेतो. लाइनची लाट गोलाईची असते. स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची, मध्ये शून्यावर सपाट. पायरी एकदम चढली की एसएमपीएस करंटचा मोठा झटका ओढतो आणि एवढासा यूपीएस ओव्हरलोड समजून बंद होतो. त्यात बॅटरीवर जाताना वीज क्षणभर तुटते ते वेगळंच. पीसीच्या एसएमपीएससाठी एटीएक्स नावाचे नियम आहेत, त्यात लाइन तुटल्यावर तग धरायचा तो सोळा-सतरा मिलिसेकंदांच्या आसपासच. आपल्या ५० हर्ट्झची एक लाटच २० मिलिसेकंदांची, म्हणजे एक अख्खी लाट चुकली तरी पुरे.

दुकानात विचारलं तर, "ताई, तो जुनाच लावा की, चालतोय न्हवं?" चालतोय, पण दहा वर्षांचे कपॅसिटर आहेत त्यात. नव्या बोर्डाला मी तो लावणार नाही.

मग घरचा इन्व्हर्टर आठवला. साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच गोलाईची लाट देणारा, ९०० व्हीए, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, जिन्याखाली. एक्स्टेन्शन ओढून लावलं, तरी मशिन गेलंच. त्या रात्री मी खरंच रडकुंडीला आले होते. परवा बॅटरीत पाणी घालताना इन्व्हर्टरच्या मागे बोटभर स्विच दिसला, एका बाजूला 'नॉर्मल', दुसऱ्या बाजूला 'यूपीएस'. बसवल्यापासून तो नॉर्मलवर होता. पंखे-ट्यूबना बॅटरीवर जायला थोडा उशीर झाला तरी चालतं, कॉम्प्युटरला नाही. यूपीएसवर केला, आणि कालचे ते दहा प्रयोग.

पण एक गाठ राहिलीच. यूपीएस मोडला कमी व्होल्टेज खपत नाही. आमच्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत १८० व्होल्टची मर्यादा आहे, त्याखाली आलं की लाइट असूनही सगळं घर बॅटरीवर. आज संध्याकाळी साडेसातला इन्व्हर्टरपाशी मल्टिमीटर लावला तर १७६. वेगळा साइन वेव्ह यूपीएस घ्यावा असं मनात आलं होतं, पण किंमत ऐकली तर बोर्ड आणि रॅम मिळून जेवढी.

थांबा. हे लिहिता लिहिता उठून लाइटच्या मीटरपाशी मोजून आले. तिथं १८८ आहे! म्हणजे बारा व्होल्ट मीटरपासून जिन्यापर्यंत आमच्याच वायरिंगमध्ये जातायत. कुठला तरी जॉइंट ढिला असणार, नाहीतर वायर बारीक. यूपीएसचा विचार रद्द, आधी वायरमन.

आणि वायर बदलायचीच असेल तर इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवायचाच कशाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा जुना कॉम्प्युटर आणि त्यातले अण्णांचे सगळे हिशेब खालच्या खोलीतच बुडाले. नवं मशिन म्हणूनच माडीवर, भिंतीच्या फळीवर बसवलंय. इन्व्हर्टरही वरच्या पॅसेजमध्ये न्यायचा. बॅटरी उचलायला दोघं लागतील, दिरांना सांगून ठेवते. जुना यूपीएस राउटरला लावलाय, तिथं त्याची काही तक्रार नाही.

बाकी पार्ट : एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क) ५०० जीबीची, जेन ३ चीच घेतली. ही डिस्क ज्या पीसीआयई मार्गानं बोलते, त्यात ५६००जी ३.० च्या (जेन ३ च्या) पुढं जातच नाही, मग जेन ४ ला जास्त पैसे का मोजायचे? वाचलेल्या पैशांत बॅकअपची बाहेरची डिस्क आली. रॅम मुद्दाम दोन घेतल्या, कारण ह्या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं आणि ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही रॅम एकदम वापरण्याचा, फायदा तिथं थेट मिळतो. कीबोर्ड राहिलाय. अण्णांना इनस्क्रिप्टची (मराठी टायपिंगच्या मांडणीची) अक्षरं छापलेला हवाय, इथल्या दोन दुकानांत मिळाला नाही.

वायरमन रविवारी येतोय. जॉइंट उघडला की मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी, दोन्हीकडचं व्होल्टेज टाकते.